गहू सोडून आठ महिने झाले, तरी वायूचा दर्प का टिकून आहे?

अंत्रुजवासिनी, फोंडा

विषय संकोचाचा आहे, म्हणून टोपणनावाने लिहिते आहे. माझे वय ४२ आहे. सहा-सात वर्षे मला वरचेवर पातळ शौचाला होत असे, थकवा असे आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसे. गेल्या वर्षी एका तरुण डॉक्टरांनी टीटीजीची, म्हणजे एका प्रतिपिंडाची, रक्तचाचणी करून घ्यायला सांगितले. तिचा आकडा बराच वाढलेला आला, नंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचे नमुने घेतले गेले आणि सिलिअ‍ॅक आजार, म्हणजे गहू-बार्लीतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्याचे नक्की झाले. त्या दिवसापासून गहू, रवा, मैदा आणि बार्ली मी पूर्णपणे सोडली. पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकू आला की हात अजूनही पिशवीकडे जातो, परंतु आमच्याकडे उंडे आणि पोया (गव्हाचे पाव) आता फक्त मुलांपुरत्या येतात.

फरक निश्चित पडला. जुलाब थांबले, वजन चार किलोंनी वाढले, हिमोग्लोबिन ८.६ वरून ११.४ वर आले. एकच गोष्ट मात्र हटत नाही आणि ती म्हणजे वायूचा दर्प. निदानापूर्वीही वास असे, पण तो तेलकट, शिळसर असे आणि मल फिकट व तरंगणारा असे. तो प्रकार आता नाही. आताचा वास नासक्या अंड्यासारखा आहे आणि वायूचे प्रमाणही मला पूर्वीपेक्षा जास्तच वाटते. पणजीतील आमच्या कार्यालयात आम्ही चौघीजणी एका बंद वातानुकूलित खोलीत बसतो. मी दिवसातून किती वेळा ‘फोन आला’ असे सांगून जिन्यात जाऊन उभी राहते, याचा हिशेब मी ठेवत नाही.

माझा रोजचा आहार सांगते. सकाळी नाचणीची आंबील आणि एक पेला दूध. दुपारी उकड्या तांदळाचा भात, हुमण, तळलेला मासा आणि फुटी कढी. मासे नसतील त्या दिवशी वरण. संध्याकाळी कार्यालयात मूठभर काजू. रात्री दुकानातून आणलेल्या ग्लूटेनमुक्त पिठाच्या चपात्या आणि त्यांच्यासोबत अळसांद्यांचे (चवळीच्या जातीच्या कडधान्याचे) तोणाक किंवा कोबीची भाजी. त्या पिठात तांदूळ, बेसन आणि सोयाबीन आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारले, तर ते हसून म्हणाले की गॅस कोणाला होत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही, परंतु त्याने माझे समाधान झाले नाही. हा आजाराचाच शेष आहे, की माझ्या नव्या आहाराचा परिणाम आहे, की कुठून तरी गहू अजून पोटात जातो आहे, हे कसे ओळखावे?

निवृत्त रसायनशिक्षक, मडगाव

ताई, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत आणि ते सोडवून घेतले नाहीत तर उत्तर सापडणार नाही. वायू किती होतो हा एक प्रश्न आणि त्याला वास का येतो हा दुसरा. यांची कारणे बरीचशी वेगळी आहेत.

आतड्यातील वायूचा जवळजवळ सगळा भाग नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि काही जणांत मिथेन यांचा असतो आणि या पाचांपैकी एकालाही वास नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन बहुतांशी गिळलेल्या हवेतून येतात, तर हायड्रोजन आणि मिथेन मोठ्या आतड्यातील जीवाणू तयार करतात. निरोगी माणसात दिवसाकाठी अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत वायू बाहेर पडणे आणि दहा-वीस वेळा सरणे हे सर्वसाधारण मानले जाते. वास येतो तो गंधकयुक्त वायूंच्या अगदी अल्प अंशामुळे. १९९८ मध्ये अमेरिकेत लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांचा वायू गोळा करून तपासला, तेव्हा हायड्रोजन सल्फाइड हा वासाचा मुख्य धनी ठरला आणि त्याखालोखाल मिथेनथायॉल आणि डायमिथिल सल्फाइड निघाले. वासाची तीव्रता ठरवण्यासाठी त्या प्रयोगात दोन परीक्षक नेमलेले होते. मी बारावीच्या मुलांना हा प्रयोग सांगत असे आणि त्या दिवशी वर्गात एकही मूल झोपत नसे.

हायड्रोजन सल्फाइड म्हणजेच आपण लिहिलेला नासक्या अंड्याचा वास. तो तयार होण्यासाठी जीवाणूंना गंधक लागते. ते मिळते कांदा, लसूण, कोबी, मुळा यांतून, अंडी-मासळी यांतील सिस्टीन व मिथिओनीन या अमिनो आम्लांच्या न पचलेल्या भागातून, आणि आतड्याच्या स्वतःच्या श्लेष्म्यातूनही. वायूचे आकारमान मात्र वाढते ते न पचलेल्या कर्बोदकांमुळे. अळसांदे, हरभरा आणि सोयाबीन यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतेच, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात आणि जीवाणूंची चंगळ होते. आता आपलेच ताट पाहा. गव्हाची चपाती गेली आणि तिच्या जागी बेसन-सोयाबीनची चपाती आली, तीही तोणाकाबरोबर. म्हणजे एका जेवणात तीन कडधान्ये झाली. काजूतही याच जातीच्या शर्करा भरपूर असतात, हे आपल्या गोव्यात कोणी मनावर घेत नाही. उलट तांदळाचे पिष्ट लहान आतड्यात जवळजवळ पूर्ण पचते, म्हणून भाताला किंवा पेजेला मी दोष देणार नाही.

निदानापूर्वीच्या तेलकट वासाबद्दल आपण लिहिलेत ते फार नेमके आहे. सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ मध्ये या आजाराचे जे वर्णन केले, त्यात मल फिकट, फेसाळ, खाल्लेल्या अन्नाच्या मानाने फार मोठा आणि अतिशय दुर्गंधी असतो, जणू अन्न पचण्याऐवजी कुजले आहे, असे नोंदलेले आहे. आतड्याच्या आतील बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर सपाट झाले की स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत आणि ते तसेच पुढे जातात, हे त्याचे कारण. तो वास गेला, याचा अर्थ आपले रसांकुर सावरू लागले आहेत असा मी लावतो. वैद्यकीय बाजू मात्र येथील जाणकारांनी सांगावी. मी रसायनाचा माणूस आहे.

डिचोलीची आई

ताई, माझा मुलगा आता १३ वर्षांचा आहे आणि त्याला सातव्या वर्षी हा आजार असल्याचे कळले. सरांनी सांगितलेले सगळे मान्य करूनही मी आधी आपल्या स्वयंपाकघरात डोकावेन, कारण आमचा दीड वर्षाचा घोळ एका डबीत निघाला होता.

आपण वरण आणि फुटी कढी लिहिली आहे. त्यांच्या फोडणीत हिंग घालता ना? बाजारातील डबीतला पिवळा हिंग हा शुद्ध हिंग नसतो. मूळ हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडील एका झाडाच्या मुळाचा चीक. तो इतका उग्र असतो की त्यात पीठ आणि डिंक मिसळून त्याची पूड करतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. पोटात वात धरू नये म्हणून सासूबाई माझ्या मुलाच्या वरणात चिमूटभर हिंग जास्तच घालीत असत आणि आम्ही सगळे वात का होतो म्हणून कपाळाला हात लावून बसत असू. कोणी म्हणेल, चिमटीने काय होणार? मी हिशेब केला होता. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात ८० ते १०० मिलीग्रॅम ग्लूटेन धरा. फोडणीत पाव ग्रॅम हिंग पडला आणि त्यातले निम्मे पीठ असले, तर त्या पातेल्यात दहा-बारा मिलीग्रॅम ग्लूटेन गेले. चौघांत वाटले तर वाट्याला तीन आले. पण वरणात हिंग, कढीत हिंग, लोणच्यात हिंग आणि रात्रीच्या भाजीतही हिंग असला की दिवसाकाठी दहाच्या घरात पोहोचतो. आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने दिवसाला साधारण १० मिलीग्रॅमच्या आत राहावे, असे आम्हांला आहारतज्ज्ञांनी सांगितले होते. आता मी तांदळाच्या पिठात केलेला हिंग आणते किंवा खडा हिंग घेऊन घरी कुटते.

दुसरा संशय तळलेल्या माशावर. घरी आपण तांदळाचे पीठ लावत असाल, परंतु बाहेर जेवताना इसवणाचे काप रव्यात घोळवलेले असतात आणि रवा म्हणजे गहूच. एका कापाला पाच ग्रॅम रवा चिकटला तर ते ५०० मिलीग्रॅम ग्लूटेन झाले; त्यापुढे हिंगाचा हिशेब काहीच नाही. ‘रवा नको’ म्हणून सांगितले तरी तेल आणि तवा तोच असतो. एका लग्नात वाढप्याने मला शपथेवर सांगितले की मासा नुसता मसाल्याचा आहे, आणि मुलगा त्या रात्रभर ओकला. तेव्हापासून लग्नाला जाताना त्याचा डबा बरोबर असतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचाही असाच प्रश्न येतो. प्रसाद नाकारता येत नाही आणि शिरा खाता येत नाही. आमच्या भटजींनी केळ्याचा तुकडा वेगळा काढून ठेवायची पद्धत स्वतःहून सुरू केली.

तिसरे, नाचणी कोठे दळून आणता? गिरणीत आधी कोणाचे गहू दळले असतील, तर पहिले किलोभर पीठ त्या गव्हाला बरोबर घेऊनच येते. आम्ही घरी लहान घरगुती चक्की घेतली. ते शक्य नसेल तर ग्लूटेनमुक्त असे छापलेले बंद पुडके घ्यावे. आपल्या देशात त्या शब्दासाठी किलोमागे २० मिलीग्रॅमची कमाल मर्यादा ठरलेली आहे.

पोयप्रेमी, सासष्टी

मला सिलिअ‍ॅक नाही, निदान कोणी तपासलेले तरी नाही. पण दोन महिन्यांपूर्वी सहज म्हणून पोय आणि चपाती बंद केली, तर माझा वायू निम्म्यावर आला. यावरून ग्लूटेन सगळ्यांनाच बाधते असे म्हणता येणार नाही का? तसे असेल तर घरातील सर्वांनीच गहू सोडावा, असा विचार मी करतो आहे.

वैद्यकीय वाचक, म्हापसा

आधी पोयप्रेमींना उत्तर देतो, कारण ते छोटे आहे. गव्हात ग्लूटेनखेरीज फ्रुक्टान नावाचे कर्बोदकही असते. ते कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही आणि त्याचा वायू होतो. नॉर्वेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिलिअ‍ॅक नसूनही गहू सोडलेल्या ५९ जणांना ग्लूटेन, फ्रुक्टान आणि निरुपद्रवी पदार्थ असलेल्या वड्या, कोणती कशाची हे न सांगता, आळीपाळीने दिल्या गेल्या. पोटाचा त्रास सर्वांत जास्त झाला तो फ्रुक्टानच्या वडीने. ग्लूटेनच्या वडीने निरुपद्रवी वडीपेक्षा जास्त त्रास झालेला दिसला नाही. तेव्हा तुमचा वायू कमी झाला हे खरे, पण चोर वेगळा असू शकतो. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. टीटीजी चाचणी करायची असेल तर ती गहू खात असतानाच करावी. गहू सोडून काही महिने गेले की आकडा आपोआप उतरतो आणि आजार असूनही तो सापडत नाही. घरातील सर्वांचा गहू बंद करण्यापूर्वी एवढे करून घ्या.

आता ताई, तुमच्याबद्दल. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, म्हणून विचार कोणत्या क्रमाने करावा तेवढे लिहितो. आठ महिने हा प्रौढ रुग्णासाठी फार मोठा काळ नाही. मुलांचे आतडे लवकर भरून येते, मोठ्यांचे रेंगाळते. अमेरिकेतील २०१० च्या एका अभ्यासात गहू सोडल्यावर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश आणि पाच वर्षांनी सुमारे दोनतृतीयांश प्रौढांचे अस्तर पूर्ववत झालेले आढळले होते. रसांकुरांच्या टोकांवरच दुधातील लॅक्टोज पचवणारे विकर असते आणि आजारात ते सर्वांत आधी नाहीसे होते व परत यायलाही वेळ घेते. शिवाय आपल्याकडे पुष्कळ प्रौढांत ते मुळातच कमी असते. म्हणून सकाळचा दुधाचा पेला हा माझा पहिला संशयित आहे. तो दोन आठवडे बंद करून त्याऐवजी दही खाऊन पाहा. दह्यात लॅक्टोज कमी असते. फरक स्पष्ट वाटला नाही तर हायड्रोजनची श्वासचाचणी करून घेता येते. मोठ्या आतड्यातील जीवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन रक्तातून फुप्फुसांत येतो आणि तो श्वासात मोजता येतो.

तथापि माझ्या मते सर्वांत आधी टीटीजी पुन्हा करावी. आकडा पहिल्यापेक्षा चांगला उतरलेला असेल, तर रोज मोठ्या प्रमाणात गहू पोटात जात नाही एवढे कळेल. उतरलेला नसेल, तर डिचोलीच्या ताईंचा हिंग आणि रवा यांना पुढे घ्यावे. एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हिंगातल्यासारखे अल्प ग्लूटेन जात असले तरी ही चाचणी कधीकधी सामान्य येते, त्यामुळे डबीवरचे घटक वाचणे चाचणीवर सोपवू नये.

हे सगळे ठीक असूनही त्रास राहिला, तर दोन शक्यता उरतात. लहान आतड्यात जीवाणूंची फाजील वाढ झालेली असू शकते, किंवा स्वादुपिंडाची विकरे कमी पडत असतील. दोन्हींवर उपचार आहेत, पण ते पोटविकारतज्ज्ञांनी ठरवायचे. वजन पुन्हा घटू लागले, मलात रक्त दिसले, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब लागले किंवा फिकट, तरंगणारा मल परत आला, तर प्रयोग करीत न बसता तज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन वाढून वजन स्थिरावलेले आहे, त्यामुळे मला तुमची काळजी वाटत नाही.

गोळ्यांविषयी विचाराल म्हणून सांगतो. औषधाच्या दुकानात मिळणारे सिमेथिकोन फेसाचे बुडबुडे फोडते, वासावर त्याचा काही परिणाम नाही. बिस्मथ गंधकाला बांधून ठेवते आणि वास खरोखर कमी करते. त्याने मल काळा होतो, आणि ते रोज, महिनोन्‌महिने घ्यायचे औषध नाही. आणखी एक, जे कोणी सांगितलेले दिसत नाही: तुमच्या भावंडांची आणि मुलांची चाचणी करून घ्या. सख्ख्या नात्यात हा आजार दहा-वीस जणांत एकाला तरी आढळतो, आणि तुमच्याकडे पोया ‘फक्त मुलांपुरत्या’ येतात असे तुम्हीच लिहिले आहे.

निवृत्त रसायनशिक्षक, मडगाव

एक पुरवणी. अळसांदे सोडण्याची गरज नाही. ते रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात शिजवावे. त्या त्रासदायक शर्करांचा बराच भाग पाण्यात उतरतो. आमच्या घरी भिजवणीचे पाणी ‘सत्त्व जाते’ म्हणून टाकू देत नसत. त्यात जाणारे सत्त्व कोणते, हे मी पुढे चाळीस वर्षे शिकवत राहिलो.

अंत्रुजवासिनी, फोंडा

सर्वांची मी आभारी आहे. सात आठवडे मुद्दाम काही लिहिले नाही, एकेक गोष्ट करून पाहिली.

हिंगाची डबी त्याच संध्याकाळी पाहिली. अक्षरे इतकी बारीक होती की मुलाच्या फोनचा कॅमेरा मोठा करून वाचावी लागली: डिंक, मग गव्हाचे पीठ आणि त्यानंतर हिंग. माझ्या नवऱ्याने ती डबी तशीच शेजाऱ्यांना देऊन टाकली. टीटीजी पुन्हा केली. आकडा पहिल्याच्या चौथ्या भागावर आला आहे, पण अजून सामान्य नाही. डॉक्टरांनी चार महिन्यांनी परत करायला सांगितले आहे. दूध बंद करून वायूच्या प्रमाणात फारसा फरक जाणवला नाही, म्हणून ते अर्धा पेला करून परत सुरू केले. खरा फरक पडला तो रात्रीच्या चपात्या थांबवून तांदळाची भाकरी सुरू केल्यावर. चौथ्या-पाचव्या दिवशीच पोट हलके वाटू लागले. दर्प पूर्ण गेलेला नाही. कोबी केली की दुसऱ्या दिवशी कळते आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असताना किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि अंडी यांवर दिवस निघतात, तेव्हा काय होते ते पाहायचे आहे. जिन्यात जाणे मात्र दिवसातून एखाद्या वेळेवर आले आहे.

दोन्ही मुलांची चाचणी झाली. मोठ्याची सामान्य आहे. धाकटीची वाढलेली आली, आणि तिला आजवर पोटाचा कसलाच त्रास नव्हता. उंची तेवढी वर्गात सर्वांत कमी. पुढच्या आठवड्यात तिची दुर्बिणीची तपासणी आहे आणि तोपर्यंत तिचा गहू बंद करू नका असे सांगितले आहे, म्हणून तिला रोज सकाळी पोय देते आहे. डिचोलीच्या ताई, शाळेच्या डब्यात मुलाला काय देत होता, ते सवडीने लिहाल का?